अल्प भांडवल आणि नावांचा व्यापार

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तीन नगरांत राहणाऱ्या आमच्या ज्ञातीचा संसार प्रायः नोकरी आणि लोकल गाडी यांच्या आधारावर उभा राहिला. सकाळी गाडी गाठावी, महिनाअखेर पगार आणावा, त्यातून चार पैसे बाजूस काढून नागरी सहकारी बँकेत ठेवावेत, ही आमची परंपरा. ती मुळीच त्याज्य नाही. तिच्याच जोरावर आमची मुले शिकली. परंतु अलीकडे आमच्या तरुणांच्या तोंडी द्रव्यार्जनाचा एक नवा मार्ग वारंवार ऐकू येतो. इंटरनेटवरील नावे, म्हणजे डोमेन, थोडक्या पैशांत घेऊन ठेवावीत आणि पुढे एखाद्या गरजवंतास ती मोठ्या किंमतीस विकावीत, असा तो मार्ग होय. यात तथ्य किती आणि भ्रम किती, याचा विचार आज आपल्यापुढे मांडावा, असा आमचा हेतु आहे. कारण या मार्गावर पडणारा पैसा श्रीमंतांचा नसून, तो पहिल्या नोकरीच्या पहिल्या शिलकीचा आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे ते पाहू. संगणक एकमेकांस आकड्यांनी ओळखतात. माणसांस आकडे लक्षात राहात नाहीत. म्हणून प्रत्येक ठिकाणास एक नाव देण्याची योजना झाली. 'डॉट कॉम' या शेपटाची नावे १९८५ साली सुरू झाली. १९९५ पर्यंत ती विनामूल्य मिळत. त्या वर्षापासून दोन वर्षांस शंभर डॉलर असा आकार सुरू झाला आणि व्यापाराचा आरंभ झाला. आपल्या देशाचे 'डॉट इन' हे शेपूट २००५ साली सर्वांस खुले झाले. तत्पूर्वीच्या बारा वर्षांत त्याखाली जेमतेम सात हजार नावांची नोंद झाली होती. २०१४ साली देवनागरीतील 'डॉट भारत' आले, आणि मराठी अक्षरांतही नाव घेण्याची सोय झाली.

ज्या कथांनी तरुणांचे मन वेधले जाते त्या खोट्या नाहीत. १९९९ साली 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव ७५ लक्ष डॉलरांस विकले गेले; २०१९ साली 'व्हॉइस डॉट कॉम' या नावास ३ कोटी डॉलर मिळाले. परंतु लॉटरीचे पहिले बक्षीस वर्तमानपत्रात छापून येते आणि फुकट गेलेली तिकिटे कोणी छापत नाही, हे विसरून चालावयाचे नाही. एकट्या 'डॉट कॉम'खाली आज पंधरा कोटींहून अधिक नावे नोंदलेली आहेत. त्यांतील बहुतेकांस कधी गिऱ्हाईक येणार नाही.

आमच्या लोकांचा घोटाळा होतो तो एका दृष्टांताने. "डोंबिवलीत साठ-सत्तर वर्षांपूर्वी ज्यांनी भूखंड घेतले त्यांची नातवंडे आज सुखी आहेत; डोमेन हे आजचे भूखंड होत," असे म्हटले जाते. हा दृष्टांत ऐकावयास गोड आहे, परंतु तो लागू पडत नाही. भूखंड एकदा घेतला की तो आपला. शिवाय रेल्वे, कारखाने आणि मुंबईची गर्दी यांनी त्याच्या भोवती मागणी निर्माण केली. जमीन मात्र वाढली नाही. डोमेनचे नेमके उलट आहे. ते विकत मिळत नाही, ते भाड्याने मिळते. एका वेळी फार तर दहा वर्षांचे भाडे भरता येते. भाडे चुकले की नाव निसटू लागते. 'डॉट कॉम'च्या बाबतीत विक्रेत्याने दिलेली सवलतीची मुदत संपल्यावर तीस दिवस दंड भरून ते परत घेता येते; त्यापुढे पाच दिवसांनी ते जगास मोकळे होते. आणि पुरवठा म्हणाल तर नित्य नवी शेपटे निघत आहेत. म्हणून डोमेनला भूखंड न म्हणता नगरपालिकेच्या बाजारातील गाळा म्हणावे. गाळ्याचे भाडे दर वर्षी द्यावयाचे असते, मग दुकान चालो वा न चालो.

आता हिशेब करू. 'डॉट कॉम'चा घाऊक दर सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर झाला. विक्रेत्याचा नफा आणि १८ टक्के वस्तु-सेवा कर धरता एका नावाच्या नूतनीकरणास सामान्यतः वर्षास हजार ते दीड हजार रुपये पडतात. पहिल्या वर्षी शे-दोनशे रुपयांत नाव देऊन गिऱ्हाईक ओढण्याची पद्धत असते. खरा दर दुसऱ्या वर्षी कळतो. आपण बाराशे रुपये धरू. दहा नावे घेतली तर वर्षास बारा हजार झाले. या धंद्यातील जाणत्या लोकांचा ठोकताळा असा की, शंभर नावांतून वर्षाकाठी एक किंवा दोन विकली जातात. म्हणजे दहा नावे बाळगणाऱ्यास एक विक्री होण्यास सरासरी पाच ते दहा वर्षे लागतील. तोवर साठ हजार ते एक लक्ष वीस हजार रुपये भाड्यात गेलेले असतील. मध्यस्थाची दलाली वीस टक्के धरली तर ते नाव पाऊण लाख ते दीड लाखास गेले तरच मुद्दल हाती येईल. तोच पैसा दरमहा हजार रुपये या रीतीने बँकेच्या आवर्त ठेवीत साडेसहा टक्के व्याजाने ठेवला तर पाच वर्षांत सत्तर हजारांहून अधिक होतो, आणि त्यासाठी गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. हा हिशेब प्रत्येक तरुणाने पहिले नाव घेण्यापूर्वी स्वतःच्या हाताने कागदावर मांडावा, अशी आमची विनंती आहे.

याहून मोठा धोका दुसऱ्याच्या नावावर हात घालण्याचा. पुष्कळांस असे वाटते की, प्रथम नोंदणी करील त्याचे नाव. नोंदणीच्या खिडकीवर ते खरे आहे, न्यायालयात नाही. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे 'रेडिफ' विरुद्ध 'रॅडिफ' हा खटला आला. डोमेन हा केवळ पत्ता नसून त्यास व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण आहे, असे न्यायालयाने मानले आणि केवळ एका स्वराचा फरक करून नाव चालविणाऱ्यास मनाई केली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने 'सिफी' प्रकरणात हेच तत्त्व देशभर दृढ केले. 'डॉट इन'च्या तंट्यांसाठी लवादाची स्वतंत्र व्यवस्था आहे. तेथे नाव वाईट हेतूने घेतल्याचे सिद्ध झाले तर ते मूळ धन्याकडे जाते; घेणाऱ्याची रक्कम बुडते. २०२४ साली दोन मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणाचा अंदाज बांधून दिल्लीच्या एका तरुणाने 'जिओहॉटस्टार' हे नाव आधीच घेऊन ठेवले होते आणि त्याच्या मोबदल्यात परदेशी शिक्षणाचा खर्च मागितला होता. त्याचा तर्क अचूक ठरला, पण खर्च मिळाला नाही. बुद्धि असूनही मार्ग चुकला की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

हा नियम केवळ बड्या कंपन्यांसाठी आहे, असेही समजू नये. ठाण्याची मामलेदार मिसळ किंवा कल्याणचा खिडकी वडा यांची कीर्ति वर्षानुवर्षांच्या कष्टांनी झालेली आहे. अशी नावे इंटरनेटवर मोकळी दिसली म्हणून ती अडवून ठेवणे कायद्यानेही धोक्याचे आणि शेजारधर्मानेही अनुचित. उलट बाजूही ध्यानी घ्यावी. 'कल्याण' हे आमच्या नगराचे पुरातन नाव. परंतु दागिन्यांच्या व्यापारात ते केरळातील त्रिशूर येथील एका पेढीचे प्रसिद्ध नाव झालेले आहे. तेव्हा 'कल्याण' आणि सोने हे शब्द जोडून नाव घेणाऱ्याने आपण कोणाच्या अंगणात पाऊल टाकीत आहोत, हे आधी पाहावे. भारत सरकारची व्यापारचिन्हांची नोंदवही इंटरनेटवर कोणासही विनामूल्य चाळता येते. ती न चाळता नाव घेणे म्हणजे सातबारा न पाहता जमीन घेणे होय.

स्थानिक नावांची आणखी एक अडचण आहे, ती लिपीची. 'डोंबिवली' हा शब्द रोमन अक्षरांत लिहावयाचा तर कोणी 'व'नंतर स्वर घालतो, कोणी घालीत नाही. ठाण्याचे इंग्रजी लेखन तर कंपनी सरकारच्या काळापासून आजवर बदलत आले. म्हणजे एक लेखन आपण घेतले तरी दुसरे शेजाऱ्यास मोकळेच राहते. देवनागरी नावात ही अडचण पुष्कळ कमी होते, परंतु देवनागरी पत्ता टंकून शोधणाऱ्यांची संख्या अद्यापि थोडी आहे. तिसरी गोष्ट अशी की, नियमांचा एक फेरा आला की मागणीच नाहीशी होते. २०२५ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांसह सर्व बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे राखीव शेपूट जाहीर केले आणि स्थलांतरास ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घालून दिली. आमच्या परिसरातील नागरी बँकांच्या अपेक्षेने कोणी बँकेच्या धाटणीची नावे साठविली असतील तर त्यांचे गिऱ्हाईक त्या दिवशीच संपले.

मग अल्प भांडवलाच्या माणसाने या वाटेस जाऊच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. जावे, परंतु काही बंधने पाळून जावे. जे पैसे बुडाले तरी घरातील दूध आणि मुलांची फी अडणार नाही तेवढेच घालावेत. कर्ज काढून अथवा दागिना गहाण ठेवून एकही नाव घेऊ नये. नावे पाचांच्या वर नेऊ नयेत. नाव असे असावे की ते फोनवर एकदा उच्चारले असता ऐकणाऱ्याने बिनचूक लिहावे, आणि ज्यास ते उपयोगी पडेल असे निदान वीस व्यावसायिक आपणास बोटांवर मोजता यावेत. दोन-तीन वर्षांत एकही विचारणा आली नाही तर मोह सोडून ते नाव जाऊ द्यावे. "आम्ही तुमचे नाव लाखांस घेतो, परंतु आधी अमक्याकडून मूल्यांकनाचा दाखला पैसे भरून आणा," असे पत्र आले तर ते ठकाचे समजावे. विक्री ठरलीच तर रक्कम विश्वासू तिऱ्हाइताकडे जमा झाल्याखेरीज नाव हस्तांतरित करू नये, आणि झालेला नफा आयकराच्या विवरणात दाखवावा.

यापुढची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याच्याजवळ द्रव्य थोडे आहे त्याच्याजवळ श्रम आणि माहिती असते. ती नावावर खर्च करावीत. डोंबिवलीतील केटरर किंवा कल्याणातील शिकवणीवाले कोऱ्या नावास लाख रुपये देणार नाहीत. दहा हजारांसही ते पुन्हा पुन्हा विचार करतील. परंतु त्याच नावाखाली कोणी परिसरातील केटररांची विश्वसनीय यादी, दर आणि पत्ते नीट जमवून ठेवले, लोक तेथे येऊ लागले, तर त्या नावास दरमहा उत्पन्न सुरू होते. रिकाम्या गाळ्यापेक्षा चालत्या दुकानास किंमत अधिक, हा न्याय येथेही आहे. मुंबईच्या तुराखिया बंधूंचे उदाहरण पाहावे. १९९८ साली, वीस वर्षांचेही नसताना, वडिलांकडून पंचवीस हजार रुपये उसने घेऊन त्यांनी 'डायरेक्टी' ही संस्था काढली. नाव घेऊन भाग्याची वाट पाहात बसण्याऐवजी लोकांस नावे नोंदवून देण्याचा आणि संकेतस्थळांस जागा देण्याचा धंदा त्यांनी वाढविला. तो धंदा २०१४ च्या आरंभी एका अमेरिकन कंपनीने दहा कोटी डॉलरांहून अधिक किंमतीस घेतला. भांडवल अल्प होते; सेवा मात्र खरी होती.

आणि ज्ञातिबंधूंनो, सर्वांत निर्धोक गुंतवणूक तर आपल्या घरातच पडून आहे. आमच्यात लोणची-पापड करणाऱ्या भगिनी आहेत, वैद्य आहेत, शिकवण्या घेणारे आहेत, छापखाने चालविणारे आहेत. त्यांच्यापैकी किती जणांचे स्वतःच्या व्यवसायाचे नाव इंटरनेटवर स्वतःच्या मालकीचे आहे? पुष्कळदा ते कोणाही तंत्रज्ञाने स्वतःच्या नावे नोंदवून ठेवलेले असते. तो गाव सोडून गेला किंवा त्याचे-आपले बिनसले की वीस वर्षांच्या धंद्याची पाटी त्याच्या खिशात जाते. वर्षास हजार-बाराशे रुपयांत ही पाटी आपल्या नावे, आपल्या ई-मेलवर आणि आपल्या फोनवर नोंदवून घेणे, हीच अल्प भांडवलवाल्याची पहिली खरेदी असावी. तरुणांस आमची सूचना अशी की, त्यांनी येत्या वर्षात आपापल्या नात्यातील एका तरी व्यावसायिकास हे काम विनामूल्य करून द्यावे. त्या निमित्ताने नावांची पारख त्यांस येईल, बाजार कळेल, आणि पुढे स्वतःचे पैसे घालण्याची वेळ आली तर हात डळमळणार नाही.

वडीलधाऱ्यांनीही मुलगा डोमेनचे नाव काढताच जुगार म्हणून त्यास झिडकारू नये. त्याच्याशेजारी बसून वर मांडलेला हिशेब त्याच्याकडून करवून घ्यावा. हिशेब मांडता आला तर तो व्यापारी होईल. न आला तर पैसे बँकेत राहतील. दोन्ही परी घराचे नुकसान नाही.