शाळेची वाट

सकाळीं दप्तर पाठीस लावून मूल घराबाहेर पडतें, तेव्हां आईची नजर वळणापर्यंत त्याच्या मागें जाते. वळणापुढें मात्र तें कोणाच्या हवालीं असतें? या प्रश्नाचें उत्तर हॉलंड देशानें कसें शोधिलें, तें ऐकण्याजोगें आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सायकलींच्या या देशांत मोटारी झपाट्यानें वाढल्या. १९७१ सालीं तेथें रस्त्यांवरील अपघातांत सुमारें ३,३०० माणसें मृत्यु पावलीं. त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. अशाच अपघातांत मुलगी गमावलेल्या एका पत्रकारानें १९७२ सालीं वृत्तपत्रांत लेख लिहिला. ‘बालहत्या थांबवा’ हें त्याचें शीर्षकच पुढें लोकचळवळीचें नांव झालें. त्याच वर्षीं आम्स्टरडॅममधील ‘द पैप’ या दाट वस्तीच्या भागांतील शाळकरी मुलांनीं खेळावयास मोकळा रस्ता मागितला. त्यांनीं सह्या गोळा केल्या, रस्त्यावर अडथळे उभारले. एका संतापलेल्या मोटारवाल्यानें ते दूर फेंकले. हा प्रकार साऱ्या देशानें दूरचित्रवाणीवर पाहिला.

‘मुलांनीं जपून चालावें’ हा उपदेश खोटा नाहीं, पण अपुरा आहे. लहान मूल उभ्या मोटारीच्या आड झांकून जातें. येणाऱ्या वाहनाची गति त्याला नीट अजमावतां येत नाहीं. चेंडू घरंगळला कीं त्याला इतर साऱ्याचा विसर पडतो. हा त्याचा दोष नव्हे, वयाचा धर्म आहे. म्हणून डच लोकांनीं मुलाला शिकविलें आणि रस्त्यालाही वळण लावलें. वस्तींतील ज्या गल्ल्यांत मुलांनीं खेळावें व वाहनांनीं पायीं चालणाऱ्याच्या गतीनें जावें, अशा गल्ल्यांना १९७६ सालीं कायद्याची मान्यता मिळाली.

शाळेंतील शिक्षणही केवळ पाठांतराचें नाहीं. वाहतुकीच्या सुरक्षिततेसाठीं १९३२ सालीं स्थापन झालेली संस्था शाळांच्या साह्यानें दहा-बारा वर्षांच्या मुलांची परीक्षा घेते. आधीं लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष. सायकलीचे ब्रेक, दिवे, घंटा तपासतात. अंगावर क्रमांक लावून मूल ठरलेल्या मार्गानें खऱ्या रहदारींतून सायकल चालवितें. ठिकठिकाणीं आई-बाप, आजी-आजोबा कागद-पेन्सिल घेऊन उभे असतात. वळण्यापूर्वीं मुलानें मागें पाहिलें काय, हात दाखविला काय, उजवीकडून येणाऱ्यास वाट दिली काय, याची ते नोंद करितात. शाळेजवळ रस्ता ओलांडण्याच्या जागीं पालक, आणि कोठें कोठें वरच्या वर्गांतील मुलेंही, शिक्षण घेऊन पहाऱ्यास उभीं राहतात. त्यांनीं हातांतील फलक पुढें केला कीं वाहनानें थांबलेंच पाहिजे, असा तेथील कायदा आहे.

यांत मोठ्या खर्चापेक्षां लोकांचा वेळ अधिक लागतो. शिक्षक नियम शिकवील, नगरपालिका रस्ता सुधारील; परंतु चौकांत उभें राहण्याचें काम घरच्या मंडळींचेंच आहे. आपल्या मुलाला मोटारींतून थेट शाळेच्या दाराशीं सोडणारा पालक पुष्कळदां दुसऱ्याच्या मुलाची वाट अवघड करीत असतो. त्यानें थोडें दूर उतरून मुलासह चार पावलें चालावें, आणि आठवड्यांतून एक सकाळ दुसऱ्यांच्या मुलांसाठीं द्यावी. मग वळणापुढेंही मुलावर कोणाची तरी नजर राहील.