आक्कांनी सांगितलेले विणेकरी बाबा
(शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)





आमचं शिक्षण चौथी. ग्रंथाच्या मंडळींनी सांगितलं, जुन्या विणेकरी बाबांवर दोन शब्द बोला. बाबांना आपण सगळ्यांनी वाटेवर बघितलं. गळ्यात वीणा, पाय अनवाणी, मुखात नाम. पण वारी किती दिवसांची? तीन आठवड्यांची. बाकीचं वर्ष बाबा कसे वागले, हे बघितलं त्यांच्या मंडळींनी, म्हणजे आपल्या आक्कांनी. म्हणून आम्ही आक्कांच्या ओसरीवर जाऊन बसलो. त्यांनी सांगितलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

आक्कांनी नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नाही. "हे" म्हणतात, नाहीतर "विणेकरी" म्हणतात. पहिलंच बोलल्या, "लई देवमाणूस होते असं लिहू नका. तोंडानं फटकळ होते. तंबाखू सुटायला तीन वाऱ्या लागल्या. पण दिलेला शब्द मोडला न्हाई, आन् माझ्यावर हात कधी उचलला न्हाई."

आता शेतकऱ्याची वारी कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. तुकोबारायांची पालखी देहूतून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, माऊलींची आळंदीतून अष्टमीला. नेमका तोच पेरणीचा मोका. वाफसा कुणासाठी थांबत नाही, आणि पालखीही थांबत नाही. बाबा निघायच्या आधी पाभर नीट करून ठेवायचे, बी पाखडून ठेवायचे, बैलांचं भावाला सांगून ठेवायचे. मग वीणा गळ्यात घालायची नि निघायचं. पाऊस पडला की दीर पाभर हाकायचे आणि चाड्यावर मूठ आक्कांची. पाठीला लेकरू बांधलेलं. बाबा लोणंद-फलटणच्या वाटेवर हरिपाठ म्हणत असायचे, तेव्हा घरची ज्वारी-बाजरी आक्कांच्या मुठीतून भुईत जायची.

वारीहून कुणी आलं की गाव त्याच्या पाया पडतं, ही आपली रीत आहे. बाबा आले की आक्काही पडायच्या. पण बाबा काय करायचे? बुक्का-लाह्यांची पिशवी खाली ठेवायचे आणि चार माणसांदेखत आक्कांच्या पायावर डोकं ठेवायचे. म्हणायचे, "मी नुसता चाललो. वारी हिनं केली." गाव हसायचं. आक्का म्हणाल्या, "मला मेल्याहून मेल्यावानी व्हायचं. पर एक साल बी त्यांनी सोडलं न्हाई."

आता महत्त्वाचं सांगतो. ग्रंथाच्या कच्च्या मजकुरात लिहिलं होतं की बाबांची वारी कधी चुकली नाही. आम्ही ते आक्कांना वाचून दाखवलं. आक्का म्हणाल्या, "थांबा. हे खोटं हाय. एक वारी चुकली. लिहा तसं."

ती 72 च्या दुष्काळातली गोष्ट. शेतात दाणा नाही, विहिरीला पाणी नाही. दोघं नवरा-बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला. रेशनचा लाल मिलो खायचा, लेकरांना सुकडी. त्यात बाबांची आई अंथरुणाला खिळलेली. बाबांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली आणि घरी राहिले. लोक बोलले. विणेकऱ्यानं वारी मोडली म्हणाले. बाबांनी उलट उत्तर दिलं नाही. एकादशीच्या पहाटे आईचं अंग पुसलं, तिला पाणी पाजलं, तिच्या उशाशी हरिपाठ म्हटला आणि हातोडी घेऊन कामावर गेले.

मायबाप हो, आम्ही तुम्हालाच विचारतो. पंढरीत देव विटेवर कशासाठी उभा आहे? पुंडलिकासाठी. पुंडलिक देवाच्या भेटीला उठला का? नाही. आईबापाची सेवा चालली होती, त्यानं वीट फेकली आणि देवाला थांबायला सांगितलं. देव रागावून गेला नाही, उभा राहिला. मग त्या साली बाबांची वारी चुकली का घडली, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण ग्रंथात ती चुकली असंच लिहा. आक्कांचा तसा हुकूम आहे, आणि बाबांनाही खोटी शोभा आवडली नसती.

दुसरी गोष्ट. तुकोबाराय वैकुंठाला गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. नारायण महाराज मागाहून जन्मले. त्यांनी बाप डोळ्यांनी बघितला नाही. त्याच नारायण महाराजांनी 1685 साली पालखी सोहळा सुरू केला. न बघितलेल्या बापाची एवढी ओढ त्यांना कुणी लावली असेल? आम्हाला तर वाटतं, भाकरी घेऊन भंडारा डोंगर चढलेल्या त्या माऊलीनंच घरात बसून लेकराला बाप सांगितला असेल. जिजाईला लोक कजाग म्हणतात. म्हणोत. रिकामी कणगी बघून जिचं लेकरू रडतं, तिनं काय गोड बोलावं?

बाबा गेल्यावर आक्का पहिल्यांदा वारीला आल्या. तोवर पेरणीनं येऊ दिलं नव्हतं. भावकीतल्या बायका म्हणाल्या, पांढऱ्या कपाळानं पुढं कशी चालणार? आपल्या चोपदारांनी काही न बोलता त्यांच्या कपाळाला बुक्का लावला आणि डोईवर तुळस दिली. कुंकवाला नवरा लागतो, बुक्क्याला विठ्ठल पुरतो. आज आक्का सगळ्यात पुढं चालतात.

आमची मागणी एवढीच आहे. या ग्रंथात जिथं जिथं जुन्या वारकऱ्याचं नाव येईल, तिथं त्याच्या पाठीमागं शेत कुणी पेरलं, म्हातारी माणसं कुणी सांभाळली, त्या माऊलीचंही नाव लिहा. ज्या हयात आहेत त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा आणि विचारा. उशीर करू नका, पिकली पानं आहेत. आणि त्या जे सांगतील ते गोड करून लिहू नका, जसंच्या तसं लिहा.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!