डोळ्यांवरचा खोका आणि परातीतलं हृदय

आम्ही तीर्थपुरीच्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

मागच्या महिन्यात जवळच्या एका शाळेनं पालकांना बोलावून व्हीआर दाखवलं. व्हीआर म्हणजे आभासी वास्तव, नसलेली गोष्ट पुढ्यात असल्यासारखी दिसणं. आम्हाला वाटलं मोठं यंत्र असेल. निघाला पुठ्ठ्याचा खोका! आत दोन भिंगं अन् एक मोबाईल. मोबाईलवर एकच चित्र दोनदा, जरा जरा वेगळं. डाव्या डोळ्याला एक, उजव्याला दुसरं. आपले दोन डोळे एरवीही असंच बघतात, म्हणून मेंदूला ते खरं वाटतं. मान वळवली की चित्रही वळतं.

त्यात आम्ही माणसाचं हृदय आतून पाहिलं. झडपा उघडतात, मिटतात, रक्त पुढं सरकतं. आमच्यातली एक तर दचकून मागं सरली!

मटण धुताना बकऱ्याचं हृदय आपण कितीदा हातात घेतलंय, पण आत कधी बघितलं नव्हतं. पुढच्या रविवारी परातीत ठेवून उभं चिरलं, लेकरं भोवती. चार कप्पे निघाले. डावीकडची भिंत चांगलीच जाड, कारण तिथून रक्त सगळ्या अंगाला ढकलायचं असतं. उजवीकडून ते फक्त फुप्फुसात जातं. खोक्यात हृदय चालताना दिसलं, पण ही जाडी बोटांनाच कळली.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ते प्रयोग हातानं करत अन् संगणकावरून परदेशातल्या मुलांना दाखवत. आम्हाला तीच रीत पटते. ग्रहांवर जाता येत नाही, तिथं खोका हवाच. पण बी कसं रुजतं ते वाटीतच बघावं. उल्केनं पडलेलं लोणारचं विवर तर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, तिथं एसटीनं जाता येतं.

आता खटकलेलं सांगतो. त्या दिवशी पोरं पुढं घुसली. मोबाईलची बॅटरी संपली तेव्हा बऱ्याच मुली रांगेतच होत्या. शिवाय दोन लेकरांना गरगरलं. डोळ्यांना आपण हलतोय असं दिसतं, कानातला तोल सांगतो की जागेवरच आहोत, त्यातून मळमळ होते. असे चष्मे बनवणाऱ्या कंपन्याच कुणी 10, कुणी 12, कुणी 13 वर्षांखाली नको म्हणतात. मग चौथीच्या लेकरांना कशाला?

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक अन् निम्म्या बाया असतात. आपल्यातल्या कितीजणी तिथं नुसती सही करून येतात, खरं सांगा. पुढच्या बैठकीत आम्ही मागणार आहोत: पाळीची वही, त्यात मुलींची नावं आधी, बघणं पाच मिनिटं अन् तेही बसून. आणि खोक्याच्या आधी एक सूक्ष्मदर्शक. कांद्याचा पापुद्रा आम्ही घरून देऊ.