काथ्याचा भुसा आणि पाण्यातील युरेनियम
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



नारळाच्या सोडणातून काथ्या काढला की मागे तपकिरी भुसा उरतो. तो लवकर कुजत नाही, म्हणून त्याचे ढीग साचतात. रोपवाटिकेत आपण कोकोपीट म्हणून विकत घेतो तो हाच. हा भुसा पाण्यात विरघळलेले युरेनियम धरून ठेवतो, असे मुंबईतील शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखविले. त्यांत भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञही होते.

यात जादू नाही. शेणखतातील सेंद्रिय द्रव्य जस्त, तांबे धरून ठेवते, हे आपण जाणताच. भुशातील लिग्निन व सेल्युलोज तेच काम करतात.

आता कुणी विचारील, "मग आमच्या बोअरमध्ये पोतेभर भुसा सोडू का?" तसे मुळीच करू नका. भुसा चांगले काम करतो तो पाण्याचा सामू ४ ते ६ असताना. बोअरचे पाणी बहुधा ७ च्या वर असते. पंजाबात भटिंडा, मानसा भागातील भूजलात युरेनियम आढळले आहे. तेथील पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. त्याच्याशी युरेनियमची जोडी जमली की ते भुशाला सहज चिकटत नाही. प्रयोगशाळेतील काचपात्र आणि आपली विहीर यांत हा फरक आहे, आणि बातम्यांत नेमका तोच गाळला जातो!

शिवाय भुशाने धरलेले युरेनियम नाहीसे होत नाही, फक्त जागा बदलते. सौम्य आम्लाने धुतले की ते पुन्हा सुटते. म्हणून असा वापरलेला भुसा खतखड्ड्यात किंवा कुंडीत जाता कामा नये. हे काम सध्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावे, असे माझे मत आहे.

पिण्याच्या पाण्यात युरेनियम लिटरला ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जास्त झाल्यास किरणांपेक्षा मूत्रपिंडाला होणारा अपाय आधी संभवतो. पाणी उकळून ते जात नाही; उलट पाणी आटते आणि युरेनियम मागे राहते. आर.ओ. यंत्राने ते बरेच कमी होते, मात्र यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते साठते. ते पाणी परसबागेला देऊ नये. नेहमीच्या पाणी परीक्षणात युरेनियम मोजत नाहीत, तेव्हा नमुना देतानाच तसे सांगावे. नमुना घेण्यापूर्वी पंप थोडा वेळ चालू ठेवावा आणि बाटली त्याच पाण्याने विसळून भरावी.