थरथरणारा आरसा

कोलकात्याच्या पूर्वेस राजारहाटची भातखाचरे आणि तळी होती, त्या भूमीवर न्यू टाउन नावाचे एक नवे नगर उभे राहिले आहे. १९९९ साली हिडको या नावाने ओळखले जाणारे राज्य शासनाचे महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या आराखड्याबरहुकूम येथे रस्ते आखले गेले. विश्व बांगला सरणी हा त्यांतला प्रमुख राजमार्ग. नारकेलबागानच्या चौकात त्यावर विश्व बांगला तोरण उभारले आहे आणि २०१२ मध्ये खुले झालेले इको पार्क नावाचे विस्तीर्ण उद्यानही त्याच्याच कडेला आहे. शासकीय सेवेच्या निमित्ताने या परिसरात वावरणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला या रस्त्याचे एक वैशिष्ट्य चटकन जाणवते. जुन्या शहरात मोटारसायकलस्वाराला पन्नास पावलेही एका गतीने जाता येत नाही. येथे मात्र तो एकच वेग काही मिनिटे टिकवून धरू शकतो. आणि नेमकी तेव्हाच, गर्दीत कधी न जाणवलेली एक गोष्ट त्याच्या लक्षात येते. ठराविक वेगाला पोहोचताच हँडल थरथरू लागते, तळहाताला मुंग्या येतात, आणि आरशातील मागचा रस्ता पुसट होऊन जातो. वेग थोडा वाढविला अथवा कमी केला, की सारे पूर्ववत् शांत!

श्रोतेहो, ही थरथर वरवर पाहता क्षुल्लक वाटते, आणि वाहनाचा तो स्वभावच आहे असे म्हणून बहुतेक लोक ती सोसतात. परंतु तिचे परिणाम क्षुल्लक नाहीत. प्रथम आरशाचाच विचार करू. प्रकाशशास्त्राचा एक साधा नियम असा आहे, की आरसा जितक्या अंशांनी कलतो त्याच्या दुप्पट अंशांनी त्यावरून परावर्तित होणारा किरण वळतो. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून टाकलेल्या तारेतून येणारे अतिक्षीण संदेश वाचण्यासाठी विल्यम थॉमसन यांनी जे उपकरण वापरले, त्याला या नियमाचे मोठे साहाय्य होते. जो नियम त्यांना वरदान ठरला, तो मोटारसायकलस्वाराला मात्र जाचक होतो. आरसा केवळ अर्ध्या अंशाने हलला, तर पन्नास मीटर मागे असलेली बस आरशात जवळजवळ नव्वद सेंटिमीटर सरकल्यासारखी भासते. ही हालचाल सेकंदाला पन्नास वेळा होऊ लागली, म्हणजे डोळ्याला बस दिसतच नाही. दिसतो तो एक रंगाचा पट्टा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी वाहनास आरसा असावा असे सांगितले आहे. पण मार्गिका बदलताना ज्या आरशात मागची बस दिसत नाही, तो आरसा असून नसल्यासारखाच होय.

दुसरा प्रश्न हाताचा. १९१८ मध्ये ॲलिस हॅमिल्टन या वैद्यक-विदुषीने अमेरिकेतील इंडियाना राज्यात, बेडफर्ड येथील चुनखडीच्या खाणींत हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्या पाथरवटांची पाहणी केली होती. थंडीत त्यांची बोटे पांढरी पडत आणि बधिर होत. हातातील कंपामुळे बोटांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना व मज्जातंतूंना इजा होते, हे त्यानंतरच्या संशोधनाने अधिकाधिक स्पष्ट केले. जपानमध्ये मोटारसायकलवरून टपाल वाटणाऱ्यांच्या हातांचाही या दृष्टीने अभ्यास झाला आहे. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास वाहन चालविणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु न्यू टाउनच्या उंच इमारतींतून दिवसभर जेवणाचे डबे व पुडकी पोहोचविणारे जे शेकडो तरुण आपण पाहतो, त्यांचे हात आठ आठ, दहा दहा तास त्या हँडलवर असतात. बधिर झालेली बोटे ब्रेकच्या दांडीवर क्षणभर उशिरा पोहोचतात, आणि रस्त्यावर एका क्षणाची किंमत केवढी असते हे सांगावयास नको.

आता हा कंप उगम पावतो कोठे, ते पाहू. आपल्याकडील बहुसंख्य मोटारसायकलींना एकच सिलिंडर असतो. त्यातील दट्ट्या, ज्याला आपण पिस्टन म्हणतो, तो वर जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. यंत्र मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हा खेळ सेकंदाला ५० वेळा चालतो. धावत्या वस्तूला थांबवून उलट फिरवावयाचे म्हणजे धक्का आलाच. त्यास उतारा म्हणून फिरत्या क्रँकवर दट्ट्याच्या विरुद्ध बाजूस वजन बसवितात. पण येथे एक अडचण आहे. दट्ट्याचा वर-खाली होणारा धक्का पुरता शमेल एवढे वजन बसविले, तर तेच वजन फिरता फिरता पुढे-मागे तेवढाच धक्का देऊ लागते. म्हणून अभियंते तडजोड करतात आणि साधारणतः निम्म्याच्या आसपास तोल साधून थांबतात. शिवाय यंत्राचे फेरे दुप्पट झाले, की हा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो.

ही तडजोड टाळण्याचा मार्ग म्हणजे क्रँकच्या उलट दिशेने फिरणारी एक स्वतंत्र तोलदांडी. रॉयल एनफील्डचे उदाहरण येथे बोलके आहे. १९५५ मध्ये मद्रासला ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या बुलेट गाडीचा दणका कित्येक पिढ्यांच्या परिचयाचा झाला. २०२० च्या मीटिऑरपासून तिच्या ३५० सीसीच्या नव्या यंत्रात अशी तोलदांडी आली, आणि २०२३ मध्ये खुद्द बुलेटलाही ते यंत्र लाभले. ज्यांनी जुनी व नवी दोन्ही वाहने चालविली आहेत, त्यांना हा फरक हातालाच कळतो. मात्र जुने वाहन ज्याच्यापाशी आहे, त्याने काय करावे?

त्याने कंपाच्या उगमाकडून त्याच्या मार्गाकडे लक्ष वळवावे. नागपंचमीच्या झोक्याला योग्य क्षणी हलकासा हात लावला, तरी तो उंच जातो. अवेळी कितीही जोर केला तरी व्यर्थ. प्रत्येक वस्तूला हलण्याची स्वतःची एक लय असते. हँडलची नळी मध्यभागी आवळलेली आणि दोन्ही टोकांना मोकळी असते. आरसा तर एका बारीक दांडीच्या शेंड्यावर पेललेला असतो. यंत्राच्या धक्क्यांची लय या लयीशी जुळली, की झोका चढू लागतो. यालाच अनुनाद म्हणतात. विशिष्ट वेगालाच आरसा का थरथरतो, याचे उत्तर हेच.

या विषयाशी कोलकात्याचे एक जुने नाते आहे आणि मला, एक सरकारी नोकर म्हणून, त्याचे विशेष अप्रूप वाटते. १९०७ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन हे वित्त खात्यातील अधिकारी म्हणून या शहरात आले. कचेरीच्या वेळेआधी व नंतर ते बउबाजार येथील, महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञानसंस्थेत जाऊन प्रयोग करीत. १९१७ मध्ये नोकरी सोडून ते विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढे ज्या शोधासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तो प्रकाशाविषयीचा. परंतु त्यांची ती आरंभीची वर्षे प्रामुख्याने तारा, वाद्ये आणि त्यांची कंपने यांच्या अभ्यासात गेली. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी आपल्या तालवाद्यांविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. साध्या ताणलेल्या चामड्यातून निघणारे उपस्वर मुख्य स्वराशी मेळ खात नाहीत. पण मृदंगाच्या वा तबल्याच्या चामड्यावर मध्यभागी शाईचा थर चढविला, की त्या भाराने उपस्वर सुसंवादी होतात, हे त्यांनी दाखविले. आपल्या कारागिरांनी शतकानुशतके कानाने साधलेली ही गोष्ट आहे. कंप पावणाऱ्या वस्तूवर योग्य जागी भार ठेवला, तर तिची लय बदलता येते.

हँडलच्या टोकांना जी पोलादी वा पितळी वजने बसवितात, ती याच तत्त्वावर काम करतात. भार वाढला की हँडलची लय मंद होते आणि नेहमीच्या वेगाला यंत्राची लय तिच्याशी जुळत नाही. आरशाच्या पाठीमागे लहानसे वजन घट्ट बसविल्यानेही हेच साधते. आरशाची दांडी आखूड करणे हा दुसरा उपाय. तेवढ्याच जाडीची दांडी निम्म्या लांबीची केली, तर ती आठपट ताठ होते. तिची लय जलद होऊन यंत्राच्या टप्प्यापलीकडे जाते. मात्र फार आखूड दांडीच्या आरशात रस्त्याऐवजी स्वतःचे कोपरच दिसू लागते, याचे भान ठेवावे. हँडलच्या पकडीखाली रबराच्या चकत्या घालणे, मुठींना जाड व मऊ रबर लावणे, हेही उपयोगी आहे. पण रबर फार मऊ असले, तर हँडलची हुकमत ढिली पडते. शिवाय एक गोष्ट विसरू नये. वजनाने कंप नाहीसा होत नाही, तो सरकतो. साठाच्या वेगाला होणारी थरथर चाळिसावर आली आणि आपले सारे जाणे-येणे चाळिसाने असेल, तर पदरी काय पडले? म्हणून प्रत्येक उपायानंतर आपल्या नित्याच्या वेगाने वाहन चालवून पाहणे अगत्याचे आहे.

परंतु वजनांच्या दुकानाकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ही थरथर पहिल्यापासून आहे, की अलीकडे सुरू झाली आहे? जी नव्याने आली ती स्वभाव नव्हे, ते लक्षण आहे. ताप उतरविण्याच्या नादात रोग झाकला जाऊ नये. परीक्षा सोपी आहे. वाहन उभे असताना, गिअर न टाकता यंत्राचे फेरे हळूहळू वाढवावेत. थरथर आली तर तिचे मूळ यंत्रात किंवा त्याच्या बैठकीत आहे. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसता, थरथर सुरू झाली की क्लच दाबून यंत्र मंद होऊ द्यावे. ती तत्काळ थांबली तर दोष यंत्राकडचा. तशीच राहिली तर चाक, टायर, त्यांची बेअरिंगे यांच्याकडे पाहावे.

न्यू टाउनच्या एका वळणावर काम करणारा एक मिस्त्री मी पाहिला आहे. तो आधी पाना उचलीत नाही. दोन्ही हातांनी हँडल हलवितो, पुढचे चाक उचलून डावी-उजवीकडे ढकलतो, आरशाची दांडी बोटांनी चाचपतो, साखळीचा ढिलेपणा पाहतो, आणि मगच बोलतो. यंत्राला सांगाड्याशी जखडणारे बोल्ट, हँडलची पकड, मानेतील कोनसेट, चाकाचे आरे, टायरमधील हवा, आरशाखालचा नट, या साऱ्यांची तपासणी म्हणजे निम्मा उपचार. बोल्ट मात्र केवळ जोराने आवळू नयेत. उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मापाने आवळावेत. अति आवळलेला बोल्ट ताणला जातो आणि पुढे तोच दगा देतो.

स्वाराकडेही काही उपाय आहेत. हँडल मुठीत करकचून धरले की कंप अधिक सुलभतेने हातात शिरतो. म्हणून शरीर गुडघ्यांनी सावरावे आणि पकड सैल, पण सावध ठेवावी. थरथरीचा वेग ठाऊक झाला, की गिअर बदलून यंत्राची लय त्यापासून दूर न्यावी. हातमोजे थंडीपासून व खरचटण्यापासून राखतात, पण मंद लयीचा कंप त्यांनी फारसा अडत नाही. आणि वाहनावरून उतरल्यावरही बोटांचा बधिरपणा टिकत असेल, किंवा बोटे पांढरी पडत असतील, तर मिस्त्रीकडे नव्हे, वैद्याकडे जावे.

हे सारे सांगून झाल्यावर एक अडचण उरते आणि ती यंत्रशास्त्रातली नाही. ज्यांचे हात दिवसाचे दहा तास हँडलवर असतात, त्यांच्यापैकी पुष्कळांचे वाहन स्वतःचे असते आणि दुरुस्तीचा वेळही त्यांच्याच कमाईतून वजा होतो. सैल नट आवळावयास अर्धा तास लागतो हे त्यांना कळत नाही असे नाही. तो अर्धा तास त्यांना परवडत नाही. तेव्हा जे या तरुणांकडून काम घेतात, त्यांनी महिन्याकाठी तपासणीचा तेवढा वेळ कामाच्या वेळात धरावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. आपल्या शासकीय कचेऱ्यांतही टपालासाठी मोटारसायकली असतात. त्यांच्या नोंदवहीत तेल, टायर आणि धावलेले किलोमीटर यांचे रकाने असतात. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा: आरशात मागचा रस्ता स्पष्ट दिसतो काय? तो भरण्यास खर्च लागत नाही, आणि त्यातले पहिले ‘नाही’ कोणत्याही अपघाताच्या अहवालापेक्षा बरेच आधी लिहिले गेलेले असेल.