जुनी पेरणीची पेटी घेताना

गौरी-गणपती उरकले की आपल्या मंद्रूप भागात ज्वारीची घाई सुरू होते. बैलं राहिली नाहीत, तिफण आढ्याला टांगलेली, आणि पेरणीवाल्याची वाट बघता बघता काळ्या रानातली ओल उडून जाते. मग वाटतं, एखादी जुनी ट्रॅक्टरची पेरणी-पेटी आपणच घ्यावी.

मी घेतली होती. लालभडक रंग बघून भुलले. ज्वारी उगवली तेव्हा दर पाच ओळींत एक ओळ रिकामी! एका नळीत कुंभारणीने मातीचं घर केलं होतं. वितभर नळी, पण वैरण गेली आणि दाणेही गेले. रब्बीला दुसरी संधी कुठली?

म्हणून रंग बघू नका. ताजा रंग असेल तर उलट जास्त वाकून बघा, खाली वेल्डिंगचे जोड दिसतील. बी-खताची पेटी असेल तर आधी खताचा कप्पा उघडा. खतानं पत्रा खातो. बॅटरी पाडून तळ बघा, बोटानं दाबा. चाकाची साखळी, गरारी, फणांची टोकं झिजली असली तर घाबरू नका, ती बदलता येतात. सांगाडा वाकलेला असेल तर मात्र परत फिरा.

आता खरी परीक्षा. घरची चार-पाच किलो ज्वारी आणि किराणा दुकानातला छोटा काटा सोबत न्या. पेटी उचलून धरायला सांगा, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा आणि चाक हातानं चाळीस वेळा फिरवा. ज्वारीला एकरी चार किलो बी आणि दोन ओळींत अठरा इंच अंतर धरतो. पाच ओळींची पेटी आणि दीड मीटर घेराचं चाक असेल, तर चाळीस फेऱ्यांत साधारण एकराचा तिसावा हिस्सा पेरला जातो. म्हणजे सगळ्या पिशव्या मिळून १३३ ग्रॅमच्या आसपास बी पडायला हवं. कमी-जास्त पडलं तर दांडा सरकवून जमवता येतं. पण एका पिशवीत चाळीस ग्रॅम आणि दुसरीत दहा, असं झालं तर त्या पेटीला हात जोडा. दाणे फुटलेत का तेही चाळून बघा. विकणारा हसेल. हसू द्या.

नऊ फणांची पेटी नऊ इंचांवर असली तरी चालते, एकाआड एक फण बंद केला की अठरा इंच होतात. फक्त ती जड असते. ज्याचा ट्रॅक्टर भाड्यानं आणणार त्यालाच आधी विचारा, उचलेल का आणि पिना जुळतील का. लहान ट्रॅक्टरच्या पिना वेगळ्या असतात.

सरकारी अनुदान नव्या यंत्राला असतं, जुन्याला नाही. बायकांना आणि लहान शेतकऱ्यांना टक्का जास्त आहे. त्यामुळे जुनी पेटी नव्याच्या निम्म्या किमतीला सांगत असतील तर मी तरी घेणार नाही.

आमच्या गटातल्या तिघींनी मिळून दुसरी घेतली. कुणाचं रान आधी वाफशाला येईल तिची पेरणी आधी, असं ठरलंय. आणि पेरणी झाली की नळ्यांच्या तोंडाला चिंध्या कोंबून ठेवतो, कुंभारणीसाठी.