आकाशाचा रोजमेळ
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



संस्थेच्या पन्नास वर्षांचा आढावा आज आपण ऐकला. जुनी इतिवृत्ते, पावतीपुस्तके आणि हिशेबवह्या जपल्या गेल्या, म्हणूनच तो आढावा शक्य झाला. माझा विषय या व्यासपीठाला काहीसा अनोळखी आहे; पण त्याचा गाभा आपल्या पेढीवरच्या रोजमेळाहून फार वेगळा नाही. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेत एखादा तारा स्फोट होऊन उजळतो. पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून त्याचे छायाचित्र कसे घेतात आणि या कामाशी आपल्या खानदेशाचा संबंध काय, एवढेच मला सांगायचे आहे.

अशा ताऱ्याला अतिनवतारा किंवा सुपरनोव्हा म्हणतात. नावात ‘नव’ असले तरी तो जन्मणारा नव्हे, तर मरणारा तारा असतो. सूर्याच्या सुमारे आठपट किंवा त्याहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा स्वतःच्या भाराने कोसळतो आणि बाहेरचे थर उधळले जातात. दुसऱ्या प्रकारात, आधीच विझत आलेला श्वेतबटू तारा आपल्या जोडीदारामुळे पेट घेतो आणि समूळ नष्ट होतो. काही आठवडे हा एकच तारा अब्जावधी सूर्यांइतका तळपतो. आपल्या रक्तातील लोहाचा मोठा भाग अशाच स्फोटांतून विश्वात पसरला आहे.

मात्र एका दीर्घिकेत अशी घटना शतकातून एखाद-दोन वेळाच घडते. आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांना दिसलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ सालचा. म्हणून अभ्यासक एका दीर्घिकेकडे टक लावून बसत नाहीत. हजारो दीर्घिकांची छायाचित्रे रात्रीमागून रात्री घेतात. येथेच रोजमेळ उपयोगी पडतो. कालची शिल्लक आणि आजची शिल्लक ताडून पाहिल्याशिवाय आपले वाडवडील दुकानाला कुलूप लावीत नसत. खगोलशास्त्रज्ञही आजच्या छायाचित्रातून जुने छायाचित्र वजा करतो. जे तारे दोन्हींत सारखे, ते नाहीसे होतात. जे नवे जमा झाले, तेवढे उरते. जुने छायाचित्र नसेल तर नवा ठिपका नवा आहे हे कळणारच नाही.

उरलेला प्रत्येक ठिपका खरा असतोच असे नाही. कधी तो कॅमेऱ्याचा दोष असतो, कधी उपग्रहाची रेघ, कधी वाटेत आलेला लघुग्रह. तासाभराने पुन्हा छायाचित्र घेतले की लघुग्रह बहुधा जागेवरून सरकलेला दिसतो. अतिनवतारा सरकत नाही. छायाचित्रही एका कळीसरशी तयार होत नाही. पृथ्वी फिरत असल्याने दुर्बिणीला ताऱ्यामागोमाग अचूक फिरावे लागते. काही मिनिटांची अनेक छायाचित्रे घेऊन ती एकावर एक रचतात. झाकण लावून तितक्याच वेळाचे एक काळे छायाचित्र घेतात, म्हणजे कॅमेऱ्याच्या उष्णतेने उमटलेले खोटे ठिपके वजा करता येतात. संधिप्रकाशात मोकळ्या आकाशाचे एक छायाचित्र घेतात, म्हणजे भिंगावरील धुळीच्या छाया काढता येतात. शेवटी प्रकाशाचा वर्णपट तपासतात. त्यात हायड्रोजन आहे की नाही यावरून स्फोटाची जात ठरते.

या शास्त्रात मराठी मातीतील एक नाव जगभर आदराने घेतले जाते. डॉ. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. त्यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेतील ४८ इंची दुर्बिणीने आकाशाची नियमित मोजदाद आरंभली. २४ ऑगस्ट २०११ रोजी, सप्तर्षींच्या शेपटीजवळ दिसणाऱ्या एम १०१ या दीर्घिकेत त्या प्रकल्पाला एक अतिनवतारा सापडला. ही दीर्घिका सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे दूर आहे. स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर पोचू लागल्यापासून अवघ्या अकरा तासांच्या सुमारास तो टिपला गेला होता. २०१८ पासून त्याच दुर्बिणीवर सुमारे ६० कोटी बिंदूंचा कॅमेरा काम करू लागला आणि दोन-तीन रात्रींत उत्तरेचे सारे आकाश नोंदले जाऊ लागले. २०२४ साली डॉ. कुलकर्णी यांना शॉ पारितोषिक मिळाले.

परंतु हे केवळ मोठ्या वेधशाळांचे काम आहे असे कोणी समजू नये. त्याच एम १०१ मध्ये १९ मे २०२३ रोजी आणखी एक अतिनवतारा दिसला. तो शोधला जपानमधील कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने. बातमी पसरताच जगभरच्या हौशी अभ्यासकांनी त्या सुमाराची आपापली छायाचित्रे उघडून पाहिली, आणि काहींत तो तारा शोधाच्या आधीच फिकटपणे उमटलेला आढळला. स्फोटाची वेळ नेमकी ठरवण्यास त्या छायाचित्रांची मोलाची मदत झाली. घेताना त्यांचे महत्त्व कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे काही दिवसांत तो तारा लहान दुर्बिणीतून दिसण्याइतका उजळला. लडाखमधील हान्ले येथे भारतीय ताराभौतिकी संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी उभारलेल्या ७० सेंटिमीटरच्या दुर्बिणीनेही त्याचा माग ठेवला.

अशा नोंदींतून काय साधते, असा प्रश्न व्यवहारी मन विचारणारच. श्वेतबटूच्या स्फोटाची खरी तेजस्विता बरीचशी ठरलेली असते. म्हणून तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते. १९९० च्या दशकात चिलीमधील मोठ्या दुर्बिणीतून अमावास्येच्या सुमारास हजारो दीर्घिकांची छायाचित्रे घेत, सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा तीच घेत आणि दोन्हींची वजाबाकी करीत. या हिशेबातून १९९८ साली विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वेगावत आहे, असा निष्कर्ष निघाला. त्यासाठी तीन शास्त्रज्ञांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढा मोठा निष्कर्ष चोख नोंदींवर उभा आहे.

आता आपल्या भूमीकडे वळू. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या परिसरात १२०७ सालचा शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याचे त्यात नोंदले आहे. शिलालेखाचा काही भाग मराठीत असून तो विशेष वाचनीय आहे. पाटणच्या पेठेत विक्रीस येणाऱ्या मालावर ग्राहकांकडून जो कर राजाकडे जाई, तो मठाला दिल्याचे त्यात सांगितले आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशात बाजारपेठेच्या उत्पन्नातून ज्योतिर्गणिताची पाठशाळा चालत होती. व्यापाऱ्यांच्या या सभेत याहून समर्पक दाखला कोणता द्यावा?

त्याच इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. ११८१ साली, भास्कराचार्यांच्या हयातीत, शर्मिष्ठा तारकासमूहात एक अतिनवतारा प्रकटला आणि काही महिने दिसत राहिला. त्याच्या नोंदी चीन व जपानमध्ये सापडतात. भारतीय वाङ्मयात अतिनवताऱ्यांचे उल्लेख आहेत काय, याचा शोध डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. सरोजा भाटे यांनी घेतला व २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. निःसंदिग्ध उल्लेख त्यांच्या हाती लागला नाही. आपल्या पूर्वजांची गणिताची बुद्धी असामान्य होती. ग्रहणाचा दिवस ते अचूक काढीत. पण जे गणितात बसत नव्हते, अकस्मात दिसले, ते लिहून ठेवण्याची आपली शिस्त तेवढी पक्की नसावी. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी दफ्तरे पाहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही की, लिहिलेला साधा कागद शंभर वर्षांनी इतिहास होतो आणि न लिहिलेला प्रसंग घडलाच नव्हता असा होतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेने आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक लहान वेधशाळा उभारावी. आठ-दहा इंची दुर्बीण, एक चांगला कॅमेरा, एक संगणक आणि नोंदी ठेवणारे चार नेमस्त विद्यार्थी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. चातुर्मासात साधू-साध्वींचा विहार थांबतो, तशीच आपल्याकडील दुर्बिणींनाही ढगांमुळे विश्रांती असते. पण कार्तिकापासून वैशाखापर्यंतचे खानदेशाचे कोरडे, निरभ्र आकाश ही आपली पिढीजात ठेव आहे.

ही ठेव मात्र झपाट्याने घटत आहे. जळगाव आणि धुळे शहरांचे दिवे आता दूरवरून आकाशात उजळ पट्टा उमटवतात. हान्लेचा परिसर २०२२ साली अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तेथील ग्रामस्थ दिव्यांचा झोत आवरतात आणि पाहुण्यांना स्वतः आकाश दाखवतात. आपण निदान आपल्या संस्थांच्या, वसतिगृहांच्या व दुकानांच्या दिव्यांना वरून झाकण लावू शकतो. प्रकाश जमिनीवर पडावा, आकाशात नव्हे. विजेची बचत होते ती वेगळीच.

२०२५ च्या जूनमध्ये चिलीतील रुबिन वेधशाळेने आपल्या प्रचंड कॅमेऱ्याची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. पण मोठ्या पेढीने व्यवहार वाढवला म्हणून गावातल्या दुकानाने वही ठेवणे सोडावे, असे होत नाही. पुढचा उजळ अतिनवतारा कोणत्या रात्री दिसेल, हे कोणालाही सांगता येणार नाही. त्या रात्री पश्चिम गोलार्धात दिवस असेल, जपानवर ढग असतील आणि सातपुड्यावर आकाश स्वच्छ असेल. तेव्हा खानदेशाच्या वहीचे ते पान कोरे नसावे, एवढीच अपेक्षा.